आधी बाईचं ताट

एकोडीच्या शाळेत दीडशे पोरांची खिचडी शिजवणाऱ्या मनकर्णाबाईनं चार महिने भाताचं शीत पोटात जाऊ दिलं नव्हतं, आणि घराबाहेर कोणाला त्याचा पत्ता नव्हता. भातावर जगणाऱ्या झाडीपट्टीतली बाई आणि भात सोडते! भात नसेल तर दहा पोळ्या खाल्ल्या तरी 'अजून जेवायची आहे' म्हणणारी ही बाई.

त्याचं असं झालं. तिच्या रक्तात कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी धीर दिला की रोज एक गोळी घ्यायची, पोटभर जेवून घ्यायची, या गोळीवर लोक वर्षानुवर्षं जगतात. एवढं ऐकून बाईनं सरळ घरी यावं की नाही? पण बाहेर बाकावर तिच्या कानावर दोन शिकाऊ डॉक्टरांचं बोलणं पडलं. कॅन्सरच्या पेशी साखरेवर पोसतात, ती तोडता येईल का यावर संशोधन चालू आहे, असं काहीतरी. संशोधनाची गोष्ट तिनं बाकावरच सोडली, साखरेची तेवढी घरी आणली. गावातल्या शुगरवाल्यांना भात बंद करतात हे तिला ठाऊक होतं. म्हणजे भात ही साखरच! आजाराला उपाशी मारायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

उपाशी राहिली ती एकटीच, आजार मजेत होता. सकाळी कोऱ्या चहावर गोळी घेतली, की अर्ध्या तासात स्वयंपाकखोलीमागं उलटी. पोरांना वाढण्याआधी खिचडी चाखावी लागते, तीही ती चाखून थुंकायची. जेवून घेता ना, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं की खुशाल मान डोलवायची. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसानं!

चौथ्या महिन्यात रिपोर्ट बिघडला. पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्या होत्या. गोळी लागू पडत नाही असं दिसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुढचा इलाज याहून जड होता. सोबत आलेली लेक हर्षा रडत रडत बोलून गेली, "मॅडम, आई भातच नाही खाऊन राहिली. गोळी उलटून पडते तिची."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत. बोअरच्या मोटारीचं बटन चालूच अडकलं तर काय होतं, असं त्यांनी विचारलं. पाणी वाहत राहतं, धानाची बांधी फुटते, मनकर्णाबाई म्हणाली. तसंच तुमच्या रक्तातल्या पेशींना 'वाढा' म्हणून सांगणारं बटन अडकलं आहे, त्या म्हणाल्या, आणि ही गोळी ते रोजच्या रोज बंद धरते. "भात सोडून ते बंद होत नाही, मावशी. तुम्ही उपाशी राहिलात तरी शरीर त्या पेशींना साखर पुरवतंच. गोळी पोटात टिकायला हवी, आणि तिला जेवण लागतं."

"मंग मी इतके महिने कायले उपाशी राहिली?" मनकर्णाबाई म्हणाली, आणि आजार निघाल्यापासून पहिल्यांदा ती पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी शाळेत तिनं पहिलं ताट स्वतःला वाढलं, पोरांच्या रांगेत बसून शेवटच्या शितापर्यंत खाल्लं आणि पोरांदेखत गडवाभर पाण्यासोबत गोळी घेतली. तासभर ती जीव मुठीत धरून बसली. उलटी झाली नाही. तीन महिन्यांनी पेशी उतरल्या, सहा महिन्यांनी आणखी.

त्याला आता अकरा वर्षं झाली. पोरांच्या किती पिढ्या सातवी होऊन गेल्या. पंगत बसली की अजूनही कोणीतरी विचारतंच, "बाई, गोळी झाली का?" झाली म्हटल्याशिवाय एकही पोरगं घास उचलत नाही.