चिरा न मारलेला फ्लेक्स

शिरूर कासारात फ्लेक्स छापणारा एक जण आहे. संगणकावरच्या फोटोंशी तो सारखा बोलत असतो, झोपेत बोलल्यासारखा. "हसा की दादा जरा. मान वर करा." मग मशीनमधून वाढदिवसाचे पुढारी सावकाश उलगडत बाहेर येतात. वारा निघून जावा, फ्लेक्स फाटू नये म्हणून तो प्रत्येकावर ब्लेडनं चंद्रकोरीसारख्या चिरा मारतो. पुढाऱ्याच्या पोटावरही.

कॉलेजातल्या प्रदर्शनासाठी मी त्याच्याकडे जुनी युरोपी चित्रं नेली. गुलामगिरी बंद व्हावी म्हणून तिकडच्या चित्रकारांनी काढलेली. बहुतेकांत तेच: बेड्या घातलेला आफ्रिकी माणूस, गुडघ्यांवर, हात जोडून.

या माणसाशी मात्र तो काहीच बोलला नाही.

"सर, ह्यो खालीच कावून बसवलाय?"

"लोकांना दया यावी म्हणून. उभ्या माणसाची दया येत नसावी."

बाहेरून ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर गेला. ट्रॉलीत भांडी, बिछाने, कोंबड्या आणि त्यावर माणसं. धुरळा बसेपर्यंत तो दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर त्या बेड्यांतल्या माणसाचा फ्लेक्स त्यानंच बांधला. त्यावर एकही चीर नव्हती.

"अरे, फाटेल ना हा!"

"फाटला तर दुसरा देतो," तो शिडीवरून म्हणाला. "वारं भरू द्या की सर."

दुपारी वारं सुटलं. फ्लेक्स हळूहळू फुगत गेला, आणि तो माणूस गुडघ्यांवरून उठायला लागला.