अंगठ्याच्या मशीनवाली बाई

माझं शुद्धलेखन कच्चं आणि अक्षर वाकडं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

ती दर मंगळवारी जतहून स्कूटीवर येते आणि देवळाच्या कट्ट्यावर अंगठ्याचं मशीन मांडते. आमच्या गावात बँक तिच्या पिशवीतून येते. ज्वारी काढून आमचे अंगठे झिजलेले, मशीन ते ओळखत नाही. मग ती कासारणीसारखा आपला हात हातात घेते, पदरानं पुसते आणि अंगठा हळूच टेकवते. "दमानं वैनी, बँक पळून जात न्हाई," म्हणते.

मेंढी विकून आलेले सहा हजार मी भिशीत न घालता तिच्याकडे खात्यात भरायला दिले. वर्षाची ठेव करायची होती. अंगठा उठेना, म्हणून तिनं खातेनंबर हातानं घातला.

पुढच्या मंगळवारी ती सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "ह्या वैनींचं पैसं माज्या चुकीनं दुसऱ्याच्या खात्यात गेलं. त्यो माणूस परत देत न्हाई. मी भरणार हाय. ज्यास्नी भ्या वाटतंय, त्यांनी आज पैसं देऊ नका."

मला तर काही कळलंही नव्हतं.

"आगं, मग तुजा धंदा?" एका म्हातारीनं विचारलं.

"बसंल थोडा."

निम्म्या बायका उठून गेल्या. ती बसून राहिली.

एका अंगठ्यामागं तिला थोडेच पैसे सुटतात. तरी दर महिन्याला पाचशे माझ्या खात्यात येत राहिले. मी एकदाही मागितले नाहीत. काल बाराव्यांदा आले. सहा हजार पुरे झाले.