मामांनी पाहिलेली स्थळे

दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला मामा स्थळे दाखवीत. हा शब्द त्यांचाच. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत कुठे शाळेच्या वर्गात, कुठे पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर व्यसनमुक्तीच्या मीटिंगा भरतात. नवा माणूस एका मीटिंगला जाऊन आला आणि "तिथं आपल्याला नाय जमायचं" म्हणाला की घरचे त्याच्यावर तुटून पडत. मामा मात्र मोटारसायकलला किक मारीत. "पयलंच स्थळ कुणाला पसंत पडतं, राव? चला, दुसरं बघू." लग्नात नवरीला बोहल्यापर्यंत आणतो आणि तिच्या पाठीशी उभा राहतो तो मामा, म्हणून त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांचे खरे नाव मला ठाऊक आहे. ते मी लिहिणार नाही.

पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देण्याचे त्यांचे दुकान होते. त्यांची स्वतःची दारू सुटून तेव्हा बरीच वर्षे झाली होती. मी प्रथम तिथे गेलो तेव्हा माझा धाकटा भाऊ दारूने संपत आला होता आणि आमच्या गावातल्या दारूच्या दुकानाविरुद्ध माझी लढाई चालू होती. शाळेपासूनचे अंतर नियमात बसत नाही, हे मी जिल्हाधिकाऱ्यांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांना कलमांसह कळवले होते. पोच येई, उत्तर येत नसे. मामांनी ते सारे हातातले तांब्याच्या तारेचे वेटोळे न सोडता ऐकून घेतले. "अर्ज चालू ठेवा, वकीलसाहेब. तवर भावाला माझ्या गाडीवर मागं बसवा." मी वकील नाही, हे त्यांना सांगूनही उपयोग झाला नाही.

पहिली मीटिंग आम्ही जवळची म्हणून निवडली आणि तिथेच चुकलो. आमच्या भागात जवळचा माणूस नात्यातलाच निघतो. आत फक्त दारू सोडू पाहणारेच बसत, पण दार लोटले जाण्यापूर्वीच मला बाहेरून दिसले: धाकट्याच्या समोरच्या खुर्चीवर त्याचे व्याही बसले होते. दोघांनी रामराम घातला, एकमेकांच्या घरची ख्यालीखुशाली विचारली. मुलीचा बाप व्याह्यांपुढे पुढचे काय बोलणार? तासाभराने धाकटा खाली मान घालून बाहेर आला. मी संतापलो. अशा बेजबाबदार व्यवस्थेविरुद्ध मी लेखी तक्रार करणार, असे ओट्यावरूनच जाहीर केले.

"करा की," मामा म्हणाले. "पण कुणाकडं? हितं साहेबच न्हाई."

पुढे कित्येक आठवडे आम्ही हिंडलो. आळ्याला माणसे चांगली होती, पण एक गृहस्थ प्रवचनच सांगत. लोणीला सगळी पोरे. त्यांच्यात धाकट्याला म्हातारपण आठवे. प्रत्येक वेळी मामा धाकट्याच्या शेजारी नाही, बरोबर मागच्या खुर्चीवर बसत. शेवटी मंचरला ट्रकचालक, हमाल आणि जुन्नरचे एक वयस्क शिंपीचाचा अशा मंडळींत तो जाऊन बसला. आत बोललेले बाहेर सांगायचे नाही, हा तिथला कडक नियम. मी जिन्यात उभा होतो. त्या संध्याकाळी दाराआडून मला धाकट्याचा आवाज ऐकू आला. शब्द नाहीत, केवळ आवाज. तो पुष्कळ वेळ चालला होता. मामा डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "पसंत हाय. चहा सांगा." त्यानंतर ते मंचरला क्वचितच गेले. नवरी सासरी नांदू लागली की मामाने तिथे रोज जाऊन बसू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

मग मामी गेल्या. काही महिन्यांतच दुकान भरदिवसा बंद दिसू लागले, आणि एकदा फळी उघडून मामा पुढे आले तेव्हा तो वास मी ओळखला. धाकटा काकुळतीने म्हणाला, "मामा, मीटिंगला चला."

"कुठल्या? मंचरला तू हायस. आळ्याला, लोणीला, समदीकडं मीच नेऊन बसवलेली माणसं. मी आत गेलो की उठून खुर्ची देत्यात. खुर्ची देणाऱ्यापुढं काय बोलू?"

"असा कोणता नियम आहे, मामा?" माझा आवाज चढला.

"नियम न्हाई, वकीलसाहेब. तोंड न्हाई."

धाकट्याने मोटारसायकलची किल्ली मागून घेतली. "मग लांबचं स्थळ बघू. बसा मागं."

घाट ओलांडून ते संगमनेरकडे गेले. मी मागाहून एसटीने पोहोचलो आणि पुन्हा दाराबाहेर उभा राहिलो. मीटिंग सुटल्यावर मामा सावकाश बाहेर आले. धाकटा त्यांच्या मागे होता. इतक्या महिन्यांत प्रथमच मामांचा चेहरा सैल झाला होता. "कुणीबी उठलं न्हाई, वकीलसाहेब," ते म्हणाले. तिथे ते अखेरपर्यंत जात राहिले, आणि पुन्हा प्यायले नाहीत. यकृत मात्र आधीच हरले होते.

दशक्रियेला कुकडी नदीच्या घाटावर त्यांचा फ्लेक्स लावला होता: 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.' तो शब्द वाचून माझे मस्तक फिरले. तो आजार अल्पसा नव्हता. त्याने त्यांना अर्धे आयुष्य छळले आणि त्याच्याच तावडीतून त्यांनी दोन तालुक्यांतली माणसे सोडवली. माइकवरून पुढारी एकामागून एक सांगत होते की मामा मोटारी उत्तम भरीत. मी दुरुस्ती सुचवायला माइककडे निघालो. धाकट्याने माझा हात धरला.

"दादा, मामांनी कुणाचं कधी बाहेर सांगितलं व्हतं का?"

आयुष्यभर मी इतरांना नियम दाखवीत आलो. त्या सकाळी मी मीटिंगचा नियम पाळला आणि मागे येऊन उभा राहिलो. तिथे मंचरचे हमाल होते, शिंपीचाचा होते, धाकट्याचे व्याहीसुद्धा होते. मीटिंगची ओळख कुणी दाखवीत नव्हते. मामांच्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने ही अनोळखी माणसांची रांग पाहिली आणि विचारले, "पावणं, तुमी कुणाकडचे?"

धाकट्याने व्याह्यांकडे पाहिले. व्याह्यांनी पाण्याकडे पाहिले.

"मामाकडचे," धाकटा म्हणाला.