आठव्या गुणसूत्राचं टोक

प्रेमिलाबाई मेश्राम आमच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायच्या. सव्वीस वर्षं. आम्ही मलेरियाचे जंतू बाटलीत जिवंत ठेवतो आणि बाटलीला साबणाचा अंश जरी राहिला तरी ते मरतात. प्रेमिलाबाईंच्या हातच्या बाटलीत जंतू मेला असं कधी झालं नाही. मी तिथे टेक्निशियन आहे, पण जंतू जगायचे ते त्यांच्या हातांमुळे, हे मला माहीत होतं.

त्या जरीपटक्याहून यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जंतूंना सदतीस अंशांची ऊब लागते, प्राणवायू कमी लागतो, दोन-चार दिवसांनी माणसाचं ताजं रक्त लागतं, हे सगळं त्यांना पाठ होतं. "तुमच्या जंतूचे माझ्या सुनेपेक्षा जास्त नखरे हायत," म्हणायच्या.

जुलैमध्ये सोनिका मडावी आली. जंगलातल्या एका गावची आशा कार्यकर्ती, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिच्या गावातला सहा वर्षांचा मुलगा तापानं गेला होता. तिनं त्याची किटवर तपासणी केली होती. एकच रेघ आली, म्हणजे मलेरिया नाही. तिनं तापाची गोळी देऊन घरी पाठवलं. चौथ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात काचेवर रक्त पाहिलं तर मलेरियाच मलेरिया. मूल वाचलं नाही. सोनिकानं तपासणी केलीच नाही, घरी बसून लिहून टाकलं, असं म्हणून तिला कामावरून काढलं. गावात तिच्या हातचं पाणी घेणं बंद झालं. सप्टेंबरात चौकशी होती.

मुलाचं रक्त दवाखान्यातून आमच्याकडे आलं होतं. आमच्या पुष्कर सरांनी ते दोन कुप्यांत गोठवून ठेवलं होतं. त्यांना एक शंका होती. ती मला समजली तशी सांगते.

माणसाची गुणसूत्रं पेशी दुभंगताना आखडून जाड होतात, म्हणून सूक्ष्मदर्शकातून मोजता येतात. शाळेत आपण ते चित्र काढलेलं असतं. या एकपेशी जंतूची चौदा गुणसूत्रं तशी आखडत नाहीत. कितीही मोठा सूक्ष्मदर्शक लावा, दिसत नाहीत. आणि त्यांची टोकं फार कच्ची असतात. तुटतात, आणि टोक गेलं तरी जंतू खुशाल जगतो. किट ज्या प्रथिनावरून मलेरिया ओळखते, त्याचं जनुक आठव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे. तेवढा तुकडा गळाला की किटला जंतू दिसतच नाही. ताप तोच, मरण तेच, रेघ मात्र एकच.

साध्या तपासणीत ते जनुक सापडलं नव्हतं. पण सर म्हणाले, सापडलं नाही आणि नाहीच, यात फरक आहे. चौकशीत म्हणतील नमुनाच खराब होता. अख्खं गुणसूत्र दाखवायला हवं. त्यासाठी पुष्कळ जंतू वाढवायचे, जेलीत थिजवायचे, तीन दिवस त्यातून वीज सोडायची. गुणसूत्रं लांबीप्रमाणे पुढे-मागे सरकून पट्टे होतात. आठवं आखूड निघालं की सोनिका खरी.

ती दोन दिवस आमच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. प्रेमिलाबाईंनी तिला आपल्या डब्यातली भाकर दिली. म्हणाल्या, "रडू नको वं. आमच्या बाटलीत त्याले वाढू दे, मग तोच साक्ष देईन."

पहिल्या कुपीला बुरशी लागली. उरली एक. ती उघडली. जंतू उठले, हळूहळू वाढले. आता जास्त रक्त हवं होतं. नेहमी रक्त देणारा आमचा विद्यार्थी अर्णव डेंग्यूनं आजारी पडला, रक्तपेढीची पिशवी आठवडाभर येणार नव्हती. प्रेमिलाबाईंनी बाही वर केली. त्यांचा गट ओ पॉझिटिव्ह, हे सगळ्यांना माहीत होतं.

सर मला म्हणाले, सिकलसेलचं विचारून घ्या, तपासूनही घ्या.

मी विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही वं पोरी, मले काहून राहीन?"

तपासायला पाच मिनिटं लागतात. मी तपासलं नाही. त्या आणि मी एकाच समाजातल्या. आमच्याकडे हा रक्ताचा आजार जास्त, म्हणून कुठेही गेलं की आधी आमचंच रक्त बघतात. मला ते फार लागतं. ज्या बाईला मी इतकी वर्षं ओळखते, तिचा शब्द मी तपासणीच्या नळीत घालून बघू? मी नोंदवहीत ‘तपासलं’ अशी खूण केली. रोज सकाळी मी त्रिशरण-पंचशील म्हणते, खोटं बोलणार नाही ही त्यातली चौथी प्रतिज्ञा. ती खूण करताना मला ती आठवलीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी जंतू आक्रसायला लागले. रंगवलेल्या काचेवर जंतूंच्या जांभळ्या अंगठ्या दिसायच्या तिथे नुसते काळे ठिपके. प्रेमिलाबाईंना वाटलं, बाटलीत काही राहिलं असेल. त्यांनी सगळी काच पुन्हा धुतली, उकळली, सुकवली. सहाव्या दिवशी जिवंत असा एकही उरला नाही.

तेव्हा मी त्यांच्या रक्ताचा थेंब तपासणीच्या नळीत टाकला. नळी गढूळ झाली. त्या सिकलसेलच्या वाहक होत्या. वाहकाला स्वतःला फारसा त्रास नसतो, पण कमी प्राणवायूत त्या रक्तात मलेरियाचा जंतू वाढत नाही. त्या रक्तानं त्यांना लहानपणी कदाचित वाचवलंही असेल.

मी नळी त्यांच्यासमोर ठेवली. मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वी शिबिरात तपासलं होतं, कार्ड मिळालं होतं. तेव्हा मुलीचं, नंदिनीचं, जमवणं चालू होतं. अशाच कार्डापायी त्यांच्या बहिणीच्या मुलीची सोयरीक मोडली होती. म्हणून कार्ड चुलीत घातलं आणि नाही म्हणायची सवय केली. इतकी, की मी विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप नाहीच आलं.

"मले वाटलं रक्त म्हंजे रक्त," त्या म्हणाल्या. "भांडं तर मी साफच देल्लं होतं."

सरांना मी माझी खूण दाखवली. ते रागावले नाहीत. अहवालात त्यांनी लिहिलं, नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. चौकशीत तेवढंच वाचलं गेलं. सोनिकाला काढलं ते कायम झालं.

सोनिका अहवालाचा कागद न्यायला आली तेव्हा प्रेमिलाबाईंनी तिला सगळं स्वतः सांगितलं. कार्ड, नंदिनी, सगळं. त्या शिव्यांची वाट बघत होत्या. सोनिका म्हणाली, "मावशी, मग आता गावाला मी काय सांगू?"

"मी येतो ना," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

आणि खरंच गेल्या. मी अडवलं होतं. दोन बस बदलून, पुढे पायी. परत आल्यावर तुटक तुटक सांगितलं. गोटुलासमोर, गावाच्या बैठकीच्या घरासमोर, माणसं जमली होती. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सोनिकानं तपासलं होतं, दोष जंतूचा आहे, त्याचं एक टोक तुटलं होतं, ते दाखवणार होतो पण माझ्या रक्तानं तो मेला. कोणीतरी विचारलं, तुम्ही डॉक्टर का? त्या म्हणाल्या, बाटल्या धुतो. माणसं हसली नाहीत. उठून गेली.

मुलाची आई तेवढी थांबली. तिनं विचारलं, तुम्ही ते तुटलेलं पाहिलं होतं का?

प्रेमिलाबाई मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांच्या हातात बाटली नव्हती, काहीच नव्हतं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"खरं सांगतलं," त्या म्हणाल्या. "नाही पाह्यलं म्हटलं."

मग ती बाईसुद्धा निघून गेली. सोनिका अंगणात एकटी उभी होती. शेवटची बस चुकू नये म्हणून तिनंच प्रेमिलाबाईंना रस्त्यापर्यंत सोडलं.