आईचा मोकळा गळा

मी अंबाबाईवर रागावले होते, आणि त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. लेकीनं आईवर रागवायचं नाही तर कुणावर रागवायचं? महाराजांना गादीवर बसून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझे मालक त्यांच्या पागेत घोड्यांच्या चाकरीला होते. घरात म्हैस होती, दोन लेकरं होती, कशाची ददात नव्हती. आणि अशात माझ्या गळ्याला पुढून सूज धरली. आधी लिंबाएवढी होती, बघता बघता पेरूएवढी झाली. आरशात बघायचं मी सोडून दिलं, पण भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय खाली उतरेना. उताणं पडलं की श्वास कोंडायचा, म्हणून मी भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लावायची. एक दिवस झोपेतच आपला दम बंद होणार आणि लेकरं सकाळी हाका मारत बसणार, या भीतीनं मला पुरतं घेरलं होतं.

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बाई मनानं वाईट नव्हत्या. माझ्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं, ते मात्र त्यांच्या पद्धतीनं. त्यांनी गावाकडच्या एका भगताला बोलावून माझ्या गळ्यात मंतरलेला काळा दोरा बांधून घेतला. त्यावर जोतिबाच्या डोंगरावरून आणलेला दोरा आला. शेजारच्या मुसलमान मावशींनी मायेनं पिराचा ताईत आणून दिला, तोही बांधला. माहेरची माणसं तरी मागं का राहतील? त्यांनीही आपल्या ग्रामदेवीचा एक बांधला. आमच्याकडे रीत अशी की नवसाचा दोरा ज्यानं बांधला त्यानंच सोडायचा. दुसऱ्याचा हात लागला तर देवाचा कोप होतो. सूज वाढत गेली, दोरे काही वाढले नाहीत. ते मांसात रुतू लागले. आणि सगळ्यात आतला, सगळ्यात घट्ट दोरा बांधणारा भगत त्याच पावसाळ्यात तापानं वारला. आता तो दोरा सोडणार कोण?

शेवटी मालकांनीच मला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथं एक परदेशी डॉक्टरीणबाई होत्या. मराठी बोलायच्या, पण छापील पुस्तकातलं वाचून दाखवल्यासारखं. त्यांनी माझा गळा दोन्ही हातांनी चाचपला, पाणी प्यायला लावलं आणि सांगितलं, "याला गलगंड म्हणतात. प्रत्येक माणसाच्या गळ्यात एक ग्रंथी असते, तिला आम्ही थायरॉइड म्हणतो. तुमची ग्रंथी सुजली आहे. हे भूत नाही आणि तुमचं पापही नाही."

पाप नाही, हे मला त्या दिवसापर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. मी रडले. "बरं हुईल का?" असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "कमी होईल असं मला वाटतं. पुरतं जाईल असं वचन देत नाही." औषध होतं एक तांबडं मलम. सकाळी गळ्याला चोळायचं आणि सोसेल तोवर उघड्या गळ्यानं उन्हात बसायचं. आग होईल, कातडी सोलवटेल, म्हणून गळ्यात काही म्हणता काही नको. मग माझ्या दोऱ्यांकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे काढा आणि मग या. यांच्यावरून मी औषध देणार नाही."

घरी येऊन हे सांगितलं आणि आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "देवाचं दोरं तोडणार? आन डोरलं बी काढणार? न्हवरा जित्ता असताना मोकळ्या गळ्यानं अंगणात बसणार, समद्या गल्लीफुडं? त्यापरीस मेलेलं बरं की!" मी म्हटलं, "मरायलाच लागलीया मी, आत्याबाई." पण दोऱ्यांना हात लावायचं धाडस मलाही होईना. भूत नाही हे डोक्याला पटलं होतं. कोपाची भीती मात्र पोटात होती, आणि पोटाला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायलाच देवळात गेले. ओटी नेली नाही, हळदकुंकू नेलं नाही, नुसती पदरानं गळा झाकून गेले. मनात म्हणत होते, अगं, तू एवढी दागिन्यांनी मढून उभी, आणि तुझ्या लेकीला एक श्वास धड मिळू नये? नेमकी आईच्या अभिषेकाची वेळ होती. मंडपात बायकांची गर्दी होती. त्या गर्दीत माझा दम कोंडला, डोळ्यांपुढं काळोखी आली आणि मी खांबाला धरून खालीच बसले. कुणीतरी मला काखेत हात घालून सावरलं. माझ्या आईच्या वयाची बाई होती, अंगाला ओल्या घोंगडीचा वास, बोलणं चंदगडाकडचं. पदर डोक्यावर होता, पण गळा सताड उघडा, आणि त्या गळ्यावर माझ्याहून मोठा गलगंड. ती तो कुणापासून लपवत नव्हती. जशी मान, जसा खांदा, तसाच तो तिचा होता.

तिनं माझा पदर बाजूला केला, दोऱ्यांचं ते भेंडोळं बघितलं आणि म्हणाली, "ह्ये कशापायी गं?" मी दम खात खात सगळं सांगितलं. सोडणार कोण, बांधणारा तर मेला, हेही सांगितलं. मी शुद्ध खुळी असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "बांधणारा मेला. तू जित्ती हाईस न्हवं?" मग हनुवटी धरून माझं तोंड गाभाऱ्याकडे वळवलं. "त्या आईकडं बघ की. आंघुळीला बसलीया. हाय का गळ्यात काय?"

मी बघितलं. लहानपणापासून शेकडो वेळा दर्शन घेतलं होतं, पण ते नेहमी साज, ठुशी, मोहनमाळा ल्यालेल्या आईचं. अभिषेकासाठी सगळे दागिने उतरवलेले होते. काळ्या पाषाणाचा गळा, साधा, उघडा, आणि त्यावरून दुधाचं पाणी ओघळत होतं. एवढ्या माणसांपुढं आई मोकळ्या गळ्यानं उभी होती. तिला कुणी विधवा म्हटलं नाही, कुणी बेअब्रू म्हटलं नाही, उलट सगळी हात जोडून उभी होती. माझ्या अंगावर काटा आला. भांडायला आले होते आणि भांडणाचं उत्तर समोर उभं होतं. मी मान वर केली आणि त्या बाईला म्हटलं, "तोडा."

गोधडी शिवताना बायका दोरा तोडतात तसे तिनं ते एकेक करून आपल्या किडक्या दातांनी तोडले. भगताचा शेवटचा होता. तो तुटला तेव्हा माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की पुढच्या बायकांनी मागं वळून बघितलं. तुटलेले दोरे मी आईच्या दिशेनं धरून उंबऱ्याशी ठेवले. म्हटलं, कुणाकुणाच्या नावानं बांधले होते, आता तुझ्या हवाली. कोप करायचा तर कर, मी इथंच आहे. डोकं टेकवून उठले तर ती बाई गर्दीत दिसेना. दीपमाळेपाशी बघितलं, बाहेर फुलवाल्यांना विचारलं. चंदगडाकडच्या बायका रोजच येतात, त्यांना कुठली ध्यानात राहणार? पुढं लोक म्हणाले, आईच आली होती. मी वाद घालत नाही. आईला तसे किडके दात असतील तर असू देत, माझं काही म्हणणं नाही.

त्याच दिवशी मलम आणलं. पुढच्या सकाळी डोरलं काढून देव्हाऱ्यात ठेवलं आणि अंगणात पाट मांडून बसले. ऊन चढलं तशी आग अशी पेटली की दातओठ खाल्ले. कुंपणापलीकडे बायका थबकू लागल्या. आत्याबाई दारातून ओरडल्या, "अगं, गळा झाक! लोक काय म्हणतील, न्हवरा मेला?" मालक पागेत निघाले होते. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, कुंपणाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आये, मी काय मेल्यागत दिसतुया व्हय? घोड्याच्या मानंला जखम झाली तर आमी बी पट्टा काढतोच की!" कुंपणापलीकडून कुणीतरी फिसकन हसलं. आत्याबाई रागानं आत गेल्या. पण थोड्या वेळानं बाहेर आल्या, आणि माझ्या हातात ताकाचा तांब्या दिला.

कोप झाला नाही. कातडी सोलवटली, पुन्हा धरली, पुन्हा मलम चोळलं. सूज पुरती गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी वचन दिलं नव्हतंच, आणि आईनंही दिलं नव्हतं. पेरूची पुन्हा लिंबावर आली आणि तिथंच राहिली. डोरलं आता सैल ओवून छातीवर रुळतं. गळा मी झाकत नाही. लग्नाकार्यात कुणी टक लावून बघितलं तर मीच विचारते, "जवळनं बघायचाय का?" माझ्या अंगणात आता कधी कधी दुसऱ्या आळीतली एखादी सून गळ्याला तेच मलम चोळून येऊन बसते. आधी कुंपणाकडे पाठ करते, मग हळूहळू वळते.

शरण जा, शरण जा, असं मला सगळे सांगायचे, आणि मला वाटायचं की गप्प बसून सोसणं म्हणजेच ते. त्या सकाळी आईपुढं ताठ मानेनं उभी राहून "कर काय करायचं ते" म्हटलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खरी शरण गेले. भीती तिच्या पायाशी टाकली आणि हात रिकामे करून घरी आले. पुढं एका दुपारी लेकरं अंगणात खेळत असताना मी घरात घोंगडी अंथरली आणि भीत भीत उताणी पडले. श्वास आत गेला. बाहेर आला. पुन्हा आत गेला, कुठंही न अडता. मी तो घेत नव्हते, कुणीतरी देत होतं. "आई, मिळाला गं," एवढंच मला म्हणता आलं, आणि लेकरं हाका मारत आत आली तेव्हा मी गाढ झोपले होते.