ओवीच्या शाळेची सोयरीक

मागच्या वर्षीची एक सप्टेंबर. काम: लॅबचा फ्रीज रिकामा करून धुणे.

हे काम आदल्या रविवारीच व्हायचं होतं, पण मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. दुपारी बारा वाजता माझ्या मुलीचा, तेजूचा, युरोपातून फोन यायचा होता. माझी साडेतीन वर्षांची नात ओवी त्या दिवशी पहिल्यांदा तिकडच्या शाळेत जाणार होती. आठवडाभरात रुळली तर जागा पक्की. नाही रुळली तर जागा दुसऱ्या मुलाला आणि ओवी परत धुळ्याला माझ्याकडे, आईपासून सात महिने लांब. अशा वेळी हात रिकामे असले की माणूस मोबाइलकडे बघत बसतो. म्हणून फ्रीज.

साडेअकराला आबा आले. बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, डावी बाही वर सरकवली आणि हात माझ्यापुढे धरला.

"आबा, आज रक्त नाही काढायचं. तुम्ही फोनसाठी आलात."

"आसू दे," आबा म्हणाले. "अठे बसनू का हात आपोआप पुढे जास."

देवपुरात माझी रक्त तपासायची लॅब आहे. आबा दर महिन्याला साखर तपासायला येत. बाजार समितीत मापाडी होते, धान्याची पोती तोलण्यात उमर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नं जुळवायला घेतली. पैसे घेत नसत. समाज दरवर्षी लग्नाच्या मुलामुलींची सूची छापतो, त्या सगळ्या वर्षांच्या सूच्या त्यांच्या कापडी पिशवीत असत. डाव्या हातातून मी रक्त काढायची, उजव्या हातानं ते पानं उलटायचे. सुईकडे त्यांनी कधी पाहिलं नाही.

लग्न जमलं की ते पहिल्या पंगतीला बसत. वाढप्याला सांगत, "माले साखर शे, गोड नको," आणि जिलबी खात. माझ्या रजिस्टरमध्ये त्यांचे आकडे बघा, कुठल्या महिन्यात मुहूर्त जास्त होते ते कळेल.

चौकशीची त्यांची एक पद्धत होती. ज्या घरी मुलगी द्यायची त्या घरी आधी जायचंच नाही. त्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत जायचं, न्हाव्याकडे दाढी करायची, दूधवाल्याशी बोलायचं. ते म्हणत, "घरना माणूस खोटं नही बोलस, पन बठ्ठं बी नही सांगस." बठ्ठं म्हणजे सगळं. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल. त्याचा आपल्याला कंटाळा येतो आणि घरात मुलगी वयात आली की आपणच त्याला शोधत जातो. माझी मुलगी तर कधीच लग्न होऊन गेली होती. आबांशी माझं काम सुईपुरतंच होतं.

मग मे महिन्यात तेजू पुण्याहून ओवीला घेऊन आली. तिच्या कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी चेक देशात पाठवायचं ठरवलं होतं, ब्रनो नावाच्या शहरात. ऑगस्टमध्ये हजर व्हायचं. जावई मार्चशिवाय निघू शकत नव्हते. म्हणजे तोवर ती आणि ओवी दोघीच. तिथल्या सरकारी बालवाड्या चेक भाषेत, आणि त्याही भरलेल्या. दोन वर्षांसाठी पोरीला ती भाषा शिकवायची आणि मग विसरायला लावायची, हे तेजूला नको होतं. इंग्रजी बालवाडी हवी, तीही दिवसभराची. तिनं सतरा शाळांचा तक्ता केला होता. उत्तरं आली ती सगळी गोड आणि सारखी: प्रतीक्षा यादीत नाव घेतलं आहे.

"पंधरा जुलैपर्यंत नाही मिळाली," तेजू म्हणाली, "तर ओवी मार्चपर्यंत तुझ्याकडे राहील."

"राहू दे," मी म्हणाले. घरात मी एकटीच आहे, जागा भरपूर. खरं तर मला आनंद झाला होता. पण तेजू रात्री जेवताना ओवीच्या ताटातला भात उगाच कालवत बसायची, ते मला दिसत होतं. सकाळी सहाला लॅब उघडणारी बाई साडेतीन वर्षांच्या पोरीला कशी सांभाळणार, हाही प्रश्न होताच. तो मी कोणाला विचारला नाही.

एका सकाळी तेजू लॅबच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसली होती. घरचं इंटरनेट बंद होतं. शेजारी आबा, कापसाचा बोळा दाबून.

"काय शोधस, बेटा?"

"शाळा शोधतेय, आबा. ओवीसाठी."

"कोनतं गाव?"

"ब्रनो."

"तालुका?"

तेजूनं माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होते. तिनं लॅपटॉपवर नकाशा काढून दाखवला. आबांनी तो नीट पाहिला. मग त्यांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला. शिरपूर असो, सुरत असो, ते हाच विचारायचे.

"आपलं कोन शे तठे?"

"तिथं आपलं कोणी नाही, आबा."

"आसं नही व्हस," आबा म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले. बोळा बाकावर टाकून गेले. मी त्यांना त्यासाठी पन्नासदा बोलले असेन.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी यायची गरज नसताना सातलाच हजर. हातात काही वर्षांपूर्वीची सूची, पानाचा कोपरा दुमडलेला. शिंदखेड्याकडचा एक मुलगा, इंजिनिअर, आणि नोकरीच्या रकान्यात छापलेलं: ब्रनो, युरोप. तेव्हा आबांनी त्याला तीन मुली सुचवल्या होत्या. इतक्या लांब द्यायला एकही बाप तयार झाला नव्हता. शेवटी त्याचं लग्न नाशिकच्या मुलीशी झालं. आबांनी मुलाच्या मामाला फोन लावला, मामाकडून नंबर घेतला आणि लॅबच्या बाकावरूनच, स्पीकर सुरू ठेवून, युरोपात फोन केला. तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते.

"आबा," मुलगा झोपेतून म्हणाला, "माझं लग्न झालं. दोन वर्षं झाली."

"माले माहीत शे. तुना लगननी जिलबी मी खादी."

मग आबांनी त्याला कामाला लावलं. शाळेत जायचं नाही. शाळा सुटायच्या वेळी बाहेर उभं राहायचं. पोरं पळत बाहेर येतात की खाली मान घालून, ते बघायचं. बाई पोरांशी कुठल्या भाषेत बोलते ते ऐकायचं. शेजारच्या दुकानात काहीतरी विकत घ्यायचं आणि विचारायचं.

तेजू कपाळाला हात लावून बसली. "आई, तिकडे अनोळखी माणूस शाळेबाहेर असा उभा राहिला तर पोलीस येतील."

पोलीस आले नाहीत. पण पहिल्याच शाळेच्या फाटकापाशी एका बाईनं त्या बिचाऱ्याला तू कोणाचा बाप, असं विचारलं आणि त्याला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोला घेऊन जाऊ लागला. ती हुशार निघाली. पंधरा दिवसांत तेजूच्या तक्त्यातल्या नऊ शाळा तिनं बाहेरून पाहिल्या. तेजूची सगळ्यात आवडती शाळा, जिच्या वेबसाइटवर पोरं फुगे धरून हसत होती, तिथं इंग्रजी आठवड्यातून दोनदा तासभर होतं. बाकी वेळ चेक.

आणि एका बेकरीत पाव घेताना तिला एक शाळा कळली जी तक्त्यात नव्हतीच. मागच्या गल्लीत, घराच्या तळमजल्यावर, बारा पोरांची. चालवणारी बाई आयर्लंडची, लग्न करून तिकडे गेलेली. वेबसाइट नाही, जाहिरात नाही. एक कुटुंब आपल्या देशी परत चाललं होतं, म्हणून सप्टेंबरपासून एक जागा रिकामी होत होती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग ती बी परगावनी सून शे," ते म्हणाले. "तिले समजी."

त्या बाईंनी निरोप दिला होता: अर्जाचा नमुना वगैरे काही नाही, मुलीची माहिती पाठवा. तेजू त्या दिवशी व्हिसाच्या कागदांसाठी मुंबईला गेली होती. माहिती आबांनी लिहिली. त्यांच्याकडे माहितीचा एकच नमुना होता, वर गणपती छापलेला. ओवीला माझ्या टेबलाशी उभं करून त्यांनी तिची उंची मोजली आणि बाकावर बसवून मुलाखत घेतली.

"तुले काय आवडस?"

"कळण्याची भाकरी." ज्वारी-उडीद एकत्र दळून मी करते ती.

"आनि?"

"लोणी."

"कोनले घाबरस?"

"मिक्सरला."

"आजीले नही?"

ओवीनं माझ्याकडे बघून बराच वेळ विचार केला. "आजीला थोडं."

मी रजिस्टर लिहीत होते. आबा काय लिहितायत ते मी पाहिलं नाही, ही माझी चूक. तेजू परत आली तोवर त्या कागदाचा फोटो ब्रनोला गेला होता आणि त्या मुलाच्या बायकोनं एकही ओळ न गाळता इंग्रजी करून शाळेत दिला होता. तेजूनं फोटो मोठा करून मला वाचून दाखवला. वाचताना तिचा आवाज चढत गेला.

वर्ण: गव्हाळ. शिक्षण: नाही. स्वभाव: आधी पाहते, मग बोलते. आहार: कळण्याची भाकरी, लोणी. भीती: मिक्सर. आजोळ: देवपूर, धुळे, आजी रक्त काढते, हात हलका. मानपान: नाही. अपेक्षा: बाई रागावणारी चालेल, खोटं बोलणारी नको.

"आबा, हे स्थळ आहे का?" तेजू म्हणाली. "शाळा आहे ती. काय वाटेल त्यांना? एकच जागा होती."

आबांनी टोपी घातली, काढली, परत घातली. पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. पुढचे चार दिवस ते आले नाहीत. मी मनात ओवीची गादी कुठल्या खिडकीपाशी घालायची ते ठरवत होते.

पाचव्या दिवशी त्या बाईंची मेल आली. लांबलचक नव्हती. बहुतेक आईबाप मुलीला किती अक्षरं येतात ते लिहितात, त्यांनी लिहिलं होतं. मुलगी कशी आहे ते पहिल्यांदाच कोणी कळवलं. शाळेच्या स्वयंपाकघरात मिक्सर आहे, तो मुलं बागेत गेल्यावर लावू. रागावते मी कधीकधी. पहिला आठवडा बघू, मुलीला पटलं तर जागा तिची. आणि शेवटी: कळण्याची भाकरी म्हणजे काय?

तेजू मेल छापून आबांच्या घरी घेऊन गेली. तिथं काय बोलणं झालं मला माहीत नाही. येताना तिच्या हातात शेवेचा पुडा होता आणि डोळे लाल होते.

तर एक सप्टेंबर. बाराला तीन मिनिटं कमी असताना फोन वाजला. मी ओले हात पुसले आणि फोन आबांच्या आणि माझ्या मध्ये धरला. हिरवं फाटक, उंच, केस पिकलेल्या त्या बाई, आणि पाठीवर पिशवी घेतलेली ओवी. ओवी उभी होती. बाई गुडघ्यावर बसून काहीतरी बोलत होत्या. ओवी हलत नव्हती. 

"तेजू, मांगे सरक," आबा म्हणाले.

"आबा, ती रडेल."

"सरक. मोठी मानसं खोलीमां बसनी का पोरं बोलत नहीत."

तेजू एका मोटारीच्या मागे गेली. आता आम्हाला फक्त मोटारीचं छप्पर आणि फाटकाचा वरचा भाग दिसत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग फाटक बंद झाल्याचा आवाज आला. तेजू पुढे आली. रस्ता रिकामा होता.

पहिला दिवस अर्धाच होता. आपल्याकडचे साडेतीन वाजेपर्यंत थांबायचं होतं. आबा घरी गेले नाहीत. मी डबा पुढे केला, त्यांनी नको म्हटलं. साखरेच्या माणसानं उपाशी बसू नये, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा दम दिला, तेव्हा अर्धी पोळी खाल्ली. फ्रीज धुऊन, पुसून, भरून झाला. मग मी कपाट आवरायला काढलं.

साडेतीनला फोन. ओवी शाळेच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ताटली, तोंडात घास. बाकीची पोरं निघून गेली होती.

"ओवी, आजी आहे फोनवर. आबा आहेत. चल, घरी जायचं ना?" तेजू म्हणत होती.

ओवीनं आमच्याकडे पाहिलं, चावणं थांबवलं नाही. "थांब ना. मी जेवतेय."

आबांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "परका घरमां पोर जेवनी," ते म्हणाले. "जमनं." आणि टोपी घालून जिना उतरून गेले. मी खिडकीतून पाहिलं. रस्ता ओलांडून ते थेट मिठाईवाल्याच्या दुकानात शिरले. मी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर आबा सुरतेला मुलाकडे गेले. सूच्यांची पिशवीही गेली. फोन करतात. तिकडली लॅबवाली पोरगी मशीनसारखी सुई टोचते, बोलत नाही, अशी तक्रार करतात. मी आकडे विचारते. ते विषय बदलतात. जावई मार्चमध्ये ब्रनोला पोचले. ओवी आता मिक्सर लावायला बाईंना मदत करते.

पण मी त्या दिवसाचं सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला मी लॅब उघडली आणि पहिला पेशंट यायच्या आत संगणकावर पासपोर्टचा अर्ज भरायला बसले. इतकी वर्षं पासपोर्ट लागला नव्हता, आता ओवीकडे जायचं होतं. जन्मगाव, शिक्षण, पत्ता, सगळं भराभर झालं. पुढे परिसरातल्या ओळखीच्या दोन माणसांची नावं मागितली होती. पहिलं आबांचं टाकलं. त्यांचं पूर्ण नाव रजिस्टरमध्ये बघावं लागलं. दुसरं नाव सुचायच्या आत बाकावर दोघं येऊन बसले, उपाशीपोटी. मी अर्ज तसाच राखून ठेवला आणि हातमोजे चढवले.