साहेबाचं कुत्रं

सत्तरच्या दशकात तळेगाव ढमढेऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत विजेच्या ऑफिसातला एक साहेब भाड्याने राहायचा. विहिरीवरच्या मोटारीचं कनेक्शन त्याच्या सहीवर अडलेलं. त्यामुळे गावभर मिशीला पीळ देत फिरणारे माझे वडील, आप्पा, त्याच्यापुढे नुसते वाकलेले असत.

साहेबाचं कुत्रं म्हणजे उच्छाद होता. आईने वाळत घातलेले सांडगे त्याने तुडवले, तिचं लुगडं फाडलं. आप्पा हसायचे, "मुकं जनावर हाय, साहेब." आणि आत येऊन आईवरच खेकसायचे, "सांडगं अंगणात कशाला घालतीस?" कुत्रं पुढच्या दारात पसरलेलं असे, म्हणून आम्ही, घराचे मालक, मागच्या दाराने ये-जा करू लागलो.

एक दिवस त्याने आप्पांच्याच पोटरीचा लचका तोडला. साहेब खिडकीतूनच म्हणाला, "तुमच्या त्या गावठी कुत्र्यामुळे बिथरतं हो ते."

"व्हय साहेब, आमचीच चूक," आप्पा म्हणाले. धोतराला रक्त लागलेलं, आणि वर हसणं!

आमचं म्हातारं कुत्रं वर्षानुवर्षं घर राखत आलं होतं. पायाला पट्टी बांधून, लंगडत, आप्पा त्याला गावाबाहेर लांब, निमोण्याच्या रस्त्याला सोडून आले.

काही दिवसांनी ते माग काढत परत आलं. साहेबाच्या कुत्र्यावर एकदाच गुरगुरलं आणि पुढच्या दाराने सरळ घरात शिरलं. आप्पा तेव्हा मागच्या दाराशी चपला काढत होते.